बूस्ट आणि बफरची जागा दाखवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

पेडलबोर्डवर, म्हणजे गिटारच्या इफेक्ट पेडलांच्या पाटीवर, बफर (लांब केबलमध्ये सिग्नल मंदावू न देणारं सर्किट) कुठे बसवायचा आणि बूस्ट (सिग्नलची पातळी चढवणारं पेडल) कुठे, हे तुम्ही आम्हा गिटारवाल्यांना कारणांसकट समजावून दिलंत, त्याबद्दल हे जाहीर आभार. ‘हे पेडल घे, टोन सुधारेल’ असं सांगणारे पुष्कळ असतात. टोन मुळात बिघडतो कुठे, ते तुम्ही दाखवलंत.

सगळ्यात मोलाचा ठरला तो केबलचा हिशेब. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स (ती जितकी जास्त, तितके उंच सूर दबतात) मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरॅड. २.५ हेन्रीच्या सिंगल-कॉइल पिकअपला (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या एका गुंडाळीच्या भागाला) सहा मीटर केबल लावली की रेझोनन्स, म्हणजे पिकअप सर्वांत जोरात उचलतो ती वारंवारता, ४,१०० हर्ट्झच्या आसपास पडतो. मधली सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल आतलं सर्किट टाळून सरळ पुढे सोडणारी) असली आणि गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंत एकूण पंधरा मीटर केबल झाली, तर तोच २,६०० पर्यंत उतरतो. पिक तारेला लागतानाची धार तिथेच जाते. अशा वेळी अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवून भागत नाही, कारण रेझोनन्सची जागाच सरकलेली असते. वाढतो तो फक्त ‘हिस्स’ असा आवाज. बफर मात्र पिकअपला मेगाओहमच्या घरातला इनपुट देतो आणि पुढची केबल काहीशे ओहमच्या आउटपुटने हाकतो. त्यामुळे पिकअपला फक्त बफरपर्यंतचीच केबल सोसावी लागते.

विकत घेण्याआधी तपासून बघा, हा तुमचा आग्रह तर फार योग्य. आधी गिटार तीन मीटरच्या केबलने थेट क्लीन अ‍ॅम्पला लावायची, मग सगळी पेडलं बंद ठेवून पूर्ण बोर्डातून न्यायची. नॉब हलवायचे नाहीत, वरच्या दोन तारा मोकळ्या छेडायच्या. फरक ऐकू आला तरच बफरचा विचार. आणि बोर्डाच्या सुरुवातीलाच बफर्ड बायपासचं (बंद असतानाही बफर चालू ठेवणारं) एखादं पेडल असेल, तर बफर आधीच बसलेला आहे!

बूस्ट बंद केल्यावर टोन मंद का होतो, याचा उलगडाही तुमच्यामुळेच झाला. बहुतेक बूस्टचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) भरपूर असतो, म्हणून चालू असताना ते बफरचं कामही करतात. पेडल ट्रू बायपास असेल तर बंद करताच आवाजाची पातळी घटते आणि बफरही निघून जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, बूस्टनेच टोनमध्ये जादू केली. म्हणून बूस्ट बंद असतानाही बफर चालू राहील असं पेडल घ्या, किंवा वेगळा बफर कायम चालू ठेवा, हा तुमचा सल्ला आम्ही आता प्रत्येक नवशिक्याला देतो.

फझचा, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेडलचा, अपवाद तुम्ही ठासून सांगितलात, ते बरं झालं. दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या धाटणीच्या फझचा इनपुट इम्पीडन्स अगदी कमी असतो आणि पिकअप हा त्या सर्किटचाच भाग बनतो. मध्ये बफर आला की आवाज कर्कश होतो. गिटारचा व्हॉल्यूम उतरवून फझ साफ करायची सोयही बरीचशी जाते. तेव्हा क्रम गिटार, फझ, मग बफर.

बफरने टोन नको इतका उजळ झाला, तर त्याच्या इनपुटवर सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० पिकोफॅरॅडचा कपॅसिटर लावायचा. म्हणजे पावणेपाच मीटर केबल परत जोडल्यासारखंच. तोच कपॅसिटर बफरच्या आउटपुटला लावून काही होत नाही, हे सर्किट कागदावर काढून तुम्ही दाखवलंत.

बूस्टच्या जागेबद्दल आमच्यात फार वाद व्हायचे. ओव्हरड्राइव्हच्या (आवाज हलकासा फाडणाऱ्या पेडलच्या) आधी ठेवला तर पुढचं पेडल आधीच क्लिप होत, म्हणजे सिग्नलची टोकं कापत, असल्याने आवाज फारसा चढत नाही, सस्टेन आणि घट्टपणा वाढतो. नंतर ठेवला तर तोच आवाज मोठा होतो. सोलोसाठी नंतरच हवा. तिथे ४ ते ६ डेसिबल पुरतात, कारण ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज जवळपास दुप्पट. पण अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्पच फाटत असेल, तर पुढून ढकलून उपयोग नाही. बूस्ट इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायच्या जागी, न्यायचा आणि तिथली पातळी त्याला झेपते का, ते आधी बघायचं. बूस्टची पातळी ड्रम वाजत असतानाच ठरवायची, एकट्याने खोलीत ठरवलेली स्टेजवर कमीच पडते.

हेडरूमचंही, म्हणजे सिग्नल न कापता चढायला उरलेल्या जागेचंही, तसंच. ९ व्होल्टवर टीएल०७२ सारखा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) जेमतेम ६-७ व्होल्ट पीक-टू-पीक देतो. दणकट हंबकरचा (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा) जोरदार स्ट्रम सहज १ व्होल्टच्या वर जातो. त्यावर २० डेसिबल, म्हणजे दहापट, चढवले की बूस्ट स्वतःच क्लिप होतो आणि दोष अ‍ॅम्पवर जातो. उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच १८ व्होल्ट द्यायचे, कारण आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १६ व्होल्टचे असले तर ते टिकत नाहीत.

स्वतः सोल्डर करणाऱ्यांनाही तुम्ही विसरला नाहीत. इनपुटपासून ४.५ व्होल्टच्या बायसला १ मेगाओहम. लांब केबलमुळे ऑप-अँप ऑसिलेट होऊ नये म्हणून आउटपुटला मालिकेत १०० ते ४७० ओहम. स्विच दाबताना ‘ठप’ होऊ नये म्हणून आउटपुट कपॅसिटरनंतर ग्राउंडला १०० किलोओहम. काही मॉसफेट बूस्टचा गेन नॉब फिरवताना खरखर होते, ती पॉटमधून (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमधून) डीसी जात असल्यामुळे. तो बिघाड नव्हे, हे तुम्ही सांगितलंत आणि कितीतरी चांगले पॉट उगाच बदलले जायचे वाचले.

आता बोर्डावर एक बफर फझच्या पाठोपाठ आहे आणि दुसरा शेवटी, अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या लांब केबलच्या आधी. तिसऱ्याची गरज भासलेली नाही. मनापासून आभार, दादा.

तुमचे,
बोर्ड नव्याने जुळवून घेतलेले आम्ही सगळे