फ्लास्कमध्ये आत्ता काय आहे?

दादर, मुंबई
जुलैमधला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली लेकीच्या वहीची पाने परवा मिळाली. बाहेर पावसाची झड लागली असल्यामुळे आज सबंध दुपार ती पाने निवांत वाचता आली. तिची सूत्रे पाठ आहेत, गुणाकार-भागाकार चोख आहेत, आणि तरीही टायट्रेशनच्या (एका द्रावणाची तीव्रता दुसऱ्या, तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाने मोजण्याच्या) सातांपैकी चार उदाहरणांची उत्तरे चुकली, याचे तुला नवल वाटले. मला ते वाटले नाही, कारण बारावीच्या मुलांना शिकवताना हीच चूक मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. ती उदाहरणाला हात घालते ती थेट सूत्रापासून. फ्लास्कमध्ये त्या क्षणी कोणता पदार्थ किती उरला आहे, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नाही.

तिचे तिसरे उदाहरण पाहा. १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्लाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २० मिलिलिटर लागले, तर आम्लाची मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे किती मोल ते, किती? तिने दोन्ही बाजूंना मोलॅरिटी गुणिले आकारमान मांडले आणि ०.२ हे उत्तर काढले. वास्तविक ब्युरेटमधून (थेंबाथेंबाने द्रावण सोडणाऱ्या मापनळीतून) २ मिलिमोल, म्हणजे मोलचे दोन हजारांश, हायड्रॉक्साइड आले, आणि सल्फ्युरिक आम्लाचा प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन आयन देत असल्यामुळे तेवढ्याला १ मिलिमोल आम्ल पुरले. म्हणून उत्तर ०.१ मोलर. ते सूत्र नॉर्मॅलिटी (लिटरमागे मिळू शकणाऱ्या हायड्रोजन वा हायड्रॉक्साइड आयनांचे मोल) घेतली तर नेहमी चालते, पण मोलॅरिटी घेतली तर आम्ल आणि आम्लारी यांचे प्रमाण एकास एक असेल तेव्हाच. तिला प्रत्येक वेळी आधी संतुलित समीकरण लिहायला लाव, मग मिलिमोल मोजायला सांग.

खरी गुंतागुंत सौम्य आम्लात (ज्याचे थोडेच रेणू आयन देतात अशा) आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे. २५ मिलिलिटर ०.१ मोलर अ‍ॅसिटिक आम्ल फ्लास्कमध्ये घेतले, म्हणजे २.५ मिलिमोल. ब्युरेट उघडण्यापूर्वी तिथे केवळ आम्ल आहे. त्याचा विचरण स्थिरांक (रेणू किती प्रमाणात आयनांत तुटतात ते सांगणारा आकडा) १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात असल्याने पीएच (७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी सांगणारा आकडा) २.८७ येतो. आता ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलिलिटर सोडले. १ मिलिमोल आम्लाचे अ‍ॅसिटेट झाले, १.५ मिलिमोल आम्ल उरले. दोघे एकत्र आहेत, म्हणजे हे बफर, पीएच फारसा हलू न देणारे मिश्रण, झाले, आणि पीएच ४.५७. १२.५ मिलिलिटरवर दोघे समसमान होतात, गुणोत्तराचा लॉग शून्य होतो आणि पीएच थेट पीकेएइतका (विचरण स्थिरांकाच्या ऋण लॉगइतका), म्हणजे ४.७४ येतो. हा मुक्काम मला फार सुंदर वाटतो, कारण अनोळखी सौम्य आम्लाचा पीकेए आलेखावर अर्ध्या वाटेत नुसता वाचून घेता येतो.

२५ मिलिलिटरवर मात्र चित्र पालटते, आणि तुझ्या लेकीने इथेच पीएच ७ लिहून टाकला आहे. आम्ल संपले, हे तिचे बरोबर. पण फ्लास्कमध्ये निव्वळ पाणी राहिलेले नाही. तिथे ५० मिलिलिटरमध्ये २.५ मिलिमोल अ‍ॅसिटेट आहे, म्हणजे ०.०५ मोलर, आणि अ‍ॅसिटेट पाण्याकडून हायड्रोजन आयन घेऊन थोडे हायड्रॉक्साइड तयार करते. त्यामुळे पीएच ८.७२ येतो. एकूण आकारमान आता दुप्पट झाले आहे, हेही पुष्कळ मुले विसरतात. पुढे आणखी १ मिलिलिटर सोडले की जादा ०.१ मिलिमोल आम्लारीच पीएच ठरवते आणि तो ११.२९ वर जातो. एकाच उदाहरणात फ्लास्कमधला ऐवज चार प्रकारचा होता, म्हणून चार वेळा वेगळे सूत्र लागले.

दर्शकाची, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या द्रव्याची, निवडही यातूनच ठरते. फेनॉल्फ्थॅलीनचा रंग ८.२ ते १० या पट्ट्यात बदलतो, म्हणून ते इथे योग्य. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४, त्यामुळे ते ८ मिलिलिटरच्या आसपासच रंग बदलून मोकळे होईल. शेवटचा थेंब तिने एकदा मन लावून पाहावा. आधी थेंब पडतो तिथे गुलाबी वलय उमटते आणि फ्लास्क फिरवताच विरते. मग ते विरायला वेळ लागू लागतो. आणि एका थेंबाने सगळ्या द्रावणावर फिकट गुलाबी छटा पसरून अर्धा मिनिट टिकते. तोच एंड पॉइंट. नंतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती छटा पुसट होते, म्हणून घाबरून पुन्हा थेंब टाकू नये.

एक गोष्ट माझ्या कॉलेजच्या दिवसांतली, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. असाच जुलै होता. मी सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे वॉच ग्लासवर तोलत होतो, आणि मुंबईच्या त्या दमट हवेत तोलता तोलताच ते ओलसर, चिकट झाले. काट्याने ४ ग्रॅम दाखवले, मी ते लिटरभर पाण्यात विरघळवून बाटलीवर ०.१ मोलर असे लिहिले, आणि त्या भरवशावर काढलेली हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता जास्त आली. वजनात पाणी शिरले होते. मग १.५७५ ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल (याचाही रेणू दोन हायड्रोजन आयन देतो) २५० मिलिलिटरमध्ये विरघळवून ०.०५ मोलर द्रावण केले. त्याच्या १० मिलिलिटरला माझे द्रावण १० ऐवजी १०.६ मिलिलिटर लागले, तेव्हा खरी मोलॅरिटी ०.०९४ निघाली. उदाहरणात ‘प्रमाणित द्रावण’ (ज्याची मोलॅरिटी पक्की माहीत आहे असे) हे शब्द दिसले की मला अजून ते चिकट दाणे आठवतात, आणि मुलांना मी त्या शब्दांखाली रेघ मारायला लावतो.

आता तिच्यासाठी घरातल्या व्हिनेगरचे एक उदाहरण पाठवतो. १० मिलिलिटर व्हिनेगर पाणी घालून १०० मिलिलिटर केले, त्यातले १० मिलिलिटर पिपेटने घेतले, आणि त्यांना ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ८ मिलिलिटर लागले. लिटरभर मूळ व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल किती ग्रॅम? उत्तर ४८ येते, हे तुला सांगून ठेवतो, तिला सांगू नकोस. तिचे ४.८ आले, तर तिने पाणी घातलेल्या द्रावणालाच मूळ व्हिनेगर मानले, असे समज. सूत्र लिहिण्याआधी तिने फ्लास्कचे चित्र काढावे आणि आतले मिलिमोल त्यात लिहावेत. ते चित्र असलेले पानच मला पाठव, नुसते उत्तर नको.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दादरचा मित्र