बारा पंचकोन

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या मुलीने संध्याकाळी वेल्डिंगचा मुखवटा का चढवावा, असे बाबांनी मागे फोनवर विचारले होते. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज सविस्तर लिहिते.

मी ज्यांचा अभ्यास करते ते रेडिओलेरिया म्हणजे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. त्यांतले बरेचसे मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे असतात, तरीही सिलिकाचा इतका रेखीव, जाळीदार सांगाडा घडवतात की, एखाद्या सोनाराने हात टेकावेत. 'चॅलेंजर' या समुद्रसंशोधन जहाजाने आणलेल्या नमुन्यांवरून जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८८७ साली त्यांच्या तीन हजारांहून अधिक नव्या जातींचे वर्णन केले. त्यांची चित्रे पाहत मी शिकले आणि आपल्याला हे आकार पाठ आहेत, अशी माझी समजूत झाली.

ती समजूत स्टीलच्या सळईने मोडली. अशा सांगाड्याची मोठी प्रतिकृती म्हणून सळया वेल्डिंगने जोडून पहिला गोळा करताना मी षट्कोनाला षट्कोन जोडत गेले, पण जाळी सपाटच राहिली. वाकवली की सांधे तुटत. वेल्डिंगच्या उष्णतेने धातू ओढला जातो, तसेच काहीतरी होत असावे, म्हणून तीन रविवार मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिले. नंतर ऑयलरचे सूत्र आठवले, म्हणजे बंद आकृतीतले कोपरे, कडा आणि बाजू यांच्या संख्यांचे गणिती नाते. (कॉलेजात त्यावर चांगले गुणही मिळाले होते!) प्रत्येक सांध्यावर तीनच कडा येत असतील, तर नुसत्या षट्कोनांनी गोळा मिटतच नाही, फक्त षट्कोन आणि पंचकोन वापरायचे, तर पंचकोन बरोबर १२ लागतात, मग षट्कोन कितीही असोत. दुसऱ्या दिवशी जुनी काचपट्टी काढून पाहिली, तेव्हा ज्या सांगाड्यापुढे मी 'षट्कोनी जाळी' असे नोंदवून ठेवले होते, त्यात पंचकोन स्पष्ट दिसत होते. वहीतली ती नोंद मी लाल शाईने दुरुस्त केली.

आई, 'नुसते लोखंड' म्हणून नाक मुरडू नकोस. सोबत पाठवलेला गोळा मूळ जिवाच्या सुमारे हजारपट आहे. बाबांना हल्ली बारीक दिसत नाही, म्हणून सगळे सांधे ग्राइंडरने घासून गुळगुळीत केले आहेत. त्यांनी बोटांनी चाचपून पंचकोन मोजावेत. मी कुठेही खूण केलेली नाही. अकराच सापडले, तर गोळा पुन्हा फिरवावा.

तुमची लेक