बेळगाव-शहापूरच्या सीटवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणत विषयच बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते.

दिवाळीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको एकाच गाडीवर ‘सॅडलसोर १०००’ करायला निघणार, हे आता अख्ख्या गल्लीला माहीत आहे. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशन या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलस्वारांच्या संघटनेची ही राइड. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर. आमचा बेत बेळगावहून बेंगळूरमार्गे चेन्नई गाठून परत यायचा. तयारी सुरू झाल्यापासून जो तो ह्यांना चेन, टायर, ऑइल, हेडलाइटबद्दल विचारतो. मागं बसणारीला कुणी काही विचारेना. तुम्ही मात्र सीट हातात घ्यायच्या आधी माझ्याकडं वळून म्हणालात, ‘‘वैनी, तुम्ही सांगा की, कुठं दुखूलालंय?’’

माकडहाड, म्हटलं. लाजतच म्हटलं. तुम्ही मला गाडीवर बसवून खडूनं खुणा केल्या, रेक्झिन उसवलं आणि कंपनीचा फोम दाबून दाखवलात. बोट थेट खालच्या प्लास्टिकला टेकत होतं. ‘मऊ करा’ असं हे सांगत असताना तुम्ही उलट कडक फोम काढलात. मऊ फोम थोड्या वेळात दबतो आणि हाड तळाला लागतं, हे तुमचं म्हणणं. मग हॅक्सॉच्या ब्लेडनं माकडहाडाखाली खाच पाडलीत आणि सीटचा पुढचा उतार भरून काढलात. आता ब्रेक लागला की मी ह्यांच्या पाठीवर आदळत नाही. (तेवढं राहू दिलं असतं तर चाललं असतं, असं ह्यांचं मत. असो.)

लोकांना वाटतं, अशा राइडला गाडी पळवावी लागते. थांबे धरून सरासरी ताशी ६७ किलोमीटर पडली की झालं. हायवेवर वेग मिळतो, वेळ जातो तो थांबण्यात. पेट्रोलला थांबावंच लागतं, पुरावा म्हणून प्रत्येक ठिकाणची वेळ छापलेली पावती जपावी लागते, ते खातं माझ्याकडं आहे. पण मधेच ‘जरा उतरते, पाठ गेली’ हे सुरू झालं की हिशोब कोलमडलाच.

या नव्या सीटवरून दावणगेरेला जाऊन लोणी डोसा खाऊन परत आलो, तेव्हा पाठ शाबूत होती. फक्त मांडीला शिलाई घासत होती. तुम्ही ती दुसऱ्या दिवशी खाली घेतलीत आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

आता आणखी एक काम. निघताना साक्षीदाराची सही असली की पुढची कागदपत्रं सोपी जातात. पहाटे चारला घराजवळच्या पंपावर याल का? चष्मा तेवढा आणा, फॉर्मवरची अक्षरं फार बारीक आहेत.

तुमची,
मागच्या सीटवरची वैनी