वॅक्स, सिरॅमिक आणि तुमचा अबोला : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वॅक्स आणि सिरॅमिक कोटिंग यांवरून तुझे आणि आपल्या लातूरच्या मित्राचे जे वाजले, ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. गाडीच्या रंगावर कोणता लेप लावावा, एवढाच वाद : तू म्हणालास वॅक्सच बरे, सिरॅमिक ही ‘निव्वळ लूट’; तो म्हणाला सिरॅमिकच हवे, ‘वॅक्स टिकत नाही’. मधे मी बोललो नाही, कारण अशा वेळी तिसऱ्याने टाकलेली ओळ कोणा एकाच्या बाजूची ठरते आणि भांडण वाढते. पण त्याने तुला ‘वडिलांच्या जमान्यात अडकलेला’ म्हटले, तू त्याला ‘बादलीभर पाण्यात गाडी पुसून सिरॅमिकच्या गप्पा मारणारा’ म्हटलेस, आणि तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत, हे मला सहन होत नाही. गाडीवर इतका जीव असलेली दोन माणसे वॅक्सच्या एका डबीवरून दुरावली, म्हणून हे सविस्तर पत्र.

तुम्ही दोघांनी लिहिलेल्यातले बहुतेक खरे आहे. मात्र तू रत्नागिरीचे खरे लिहिलेस आणि त्याने लातूरचे. आपले पाणी कोणते, ऊन किती, गाडी उभी कुठे असते, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. गाडीवेड्यांच्या अशा वादांत हीच माहिती नेहमी गळते. तुझ्याकडे जांभ्यातल्या विहिरीचे मृदू पाणी आहे, गाडी पत्र्याच्या शेडखाली असते, आणि दर महिन्याला सकाळच्या गारव्यात कार्नौबा वॅक्स लावून घासायला तुला वेळ असतो. कार्नौबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण. ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, आणि वनस्पतिज मेणांत ते कडक मानले जाते. पण डबीतल्या लेपात ते निखळ नसते, त्यात द्रावके आणि मऊ तेले मिसळलेली असतात. एप्रिल-मे महिन्यांत लातूरच्या उघड्या अंगणात गडद रंगाचे बॉनेट हात टेकवणार नाही इतके तापते. तिथे तो लेप काही आठवड्यांत निकामी होतो, आणि ‘वॅक्स टिकत नाही’ हे त्याचे वाक्य त्याच्या अंगणापुरते अगदी बरोबर आहे. तुझ्या शेडखाली तोच लेप त्याहून बराच जास्त टिकतो, तेव्हा तुझेही बरोबर आहे.

सिरॅमिकबाबत मात्र तुला एक गोष्ट मान्य करावी लागेल. ती ‘निव्वळ लूट’ नाही. ही रसायने सिलिकाच्या कुळातली असतात, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात आणि क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, वॅक्सपेक्षा कितीतरी पक्की धरून बसतात. शाम्पूने ती निघत नाहीत, पक्ष्यांच्या विष्ठेला आणि झाडाच्या चिकाला काही काळ तोंड देतात, आणि धूळ-चिखल नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने बराचसा सुटून येतो. ज्याला दर महिन्याला घासायला वेळ नाही, त्याच्यासाठी ही रास्त सोय आहे.

पण कोटिंग ओरखडत नाही म्हणून त्याने तुला ऐकवलेले ‘९एच’ कठीणतेचे प्रमाण मला अजिबात पटले नाही, आणि तेही त्याला मी स्पष्ट सांगणार आहे. ही ९एच म्हणजे पेन्सिलीची कठीणता. रंगाच्या थरावर ठरावीक कोनात, ठरावीक वजनाखाली वेगवेगळ्या पेन्सिली ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत थर ओरखडत नाही ते पाहतात. त्या मालिकेतली सर्वांत कडक पेन्सिल ९एच. दुकानात हे सांगितले जाते तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात खनिजांची मोह्‌स श्रेणी येते, ज्यात नऊवर कुरुंद आणि दहावर हिरा असतो, आणि आपल्या बॉनेटवर माणिक-नीलमच्या तोडीचा थर बसला असे त्याला वाटते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, वाळूतले क्वार्ट्‌झ मोह्‌स श्रेणीत सातवर असते, आणि पेन्सिलीचे शिसे त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणजे धुळीने भरलेल्या फडक्यासमोर ९एचचे कोटिंगही ओरखडतेच. शिवाय तो थर एक-दोन मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन हजारांशांच्या, घरातला. जो विक्रेता हे माहीत असूनही ‘आता ओरखडा पडणार नाही’ म्हणतो, तो ग्राहकाला फसवतो, आणि या एका वाक्यामुळे सिरॅमिकचे खरे गुणही तुझ्यासारख्यांना खोटे वाटू लागतात. पेटता लायटर बॉनेटजवळ धरून दाखवणे हा त्यातलाच प्रकार. ज्योत क्षणभर लागली तरी खालचा पत्रा उष्णता पसरवून टाकतो. त्यात कोटिंगचा काही पराक्रम नसतो. टेफ्लॉन कोटिंगच्या नावाने जे वर्षानुवर्षे खपले त्याचीही कथा निराळी नाही. टेफ्लॉन १९३८ साली सापडले, ते ३२७ अंशांच्या आसपास वितळते, आणि तव्यावर ते पक्के बसवायला त्याहून अधिक तापमान द्यावे लागते. रंगवलेल्या गाडीवर हाताने फासून ते तव्यासारखे बसणे शक्यच नाही.

आता तुझ्या वडिलांविषयी, कारण तुला खरे तेच लागले असणार. काकांची प्रीमियर पद्मिनी मला चांगली आठवते. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या त्या गाडीवर आजच्यासारखा वेगळा पारदर्शक थर नव्हता. रंग हाच वरचा थर होता. उन्हाने तो फिका, खडूसारखा पडायचा, आणि काका पॉलिश मारायचे तेव्हा त्यांच्या फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा. त्या रंगाला पॉलिश आणि वॅक्स यांची नितांत गरज होती, आणि काकांनी तुला शिकवले ते त्या गाडीसाठी अचूक होते. आजच्या गाडीवर रंगाच्या वर क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केसही बहुधा त्याहून जाड भरतो. वॅक्सने त्याचे काही बिघडत नाही. पण तू वॅक्सच्या आधी दर दिवाळीला जे रबिंग कंपाउंड फिरवतोस, ते बंद कर, असे मी तुला आग्रहाने सांगतो. त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे घासणारे कण असतात, ते प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा थोडा खातात, आणि गेलेला थर कोणत्याही डबीने परत येत नाही. अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात. तो पातळ झाला की आधी छतावर आणि बॉनेटवर पांढरे पोपडे दिसू लागतात, आणि मग पुन्हा रंग देण्यावाचून इलाज उरत नाही.

पाण्याच्या मोत्यांची छायाचित्रे तुम्ही दोघांनी एकमेकांवर फेकलीत, त्यांतून काहीही सिद्ध झाले नाही. थेंब गोल राहतो याचा अर्थ पृष्ठभाग पाण्याला जवळ करत नाही, एवढाच. ताज्या वॅक्सवरही तो गोल राहतो, चांगल्या कोटिंगवरही राहतो, आणि कोटिंगवर धुळीचा पापुद्रा बसला की कोटिंग शाबूत असूनही बसका होतो. लातूरच्या बोअरच्या जड पाण्यात तर हा गोल थेंबच वैरी ठरतो, कारण तो उन्हात वाळला की त्यातला चुना एका ठिकाणी गोळा होऊन पांढरे कडे उरते. ते लगेच, पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून धुतले तर निघते. उन्हाळाभर राहिले तर खालपर्यंत खाते. आपला मित्र गाडी धुतल्याबरोबर सावलीत कोरडी करतो, म्हणून त्याची गाडी स्वच्छ आहे. श्रेय तो कोटिंगला देतो, पण निम्मे तरी त्याच्या त्या सवयीचे आहे.

आणि इथेच मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते येते. गाडीचा रंग बहुतेक वेळा डबीमुळे जात नाही, तो पुसणाऱ्या हाताखाली जातो. इथे पुण्यात आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला माणूस येतो. एक बादली, एक फडके आणि रांगेने उभ्या गाड्या. पहिल्या गाडीची वाळू दुसऱ्या गाडीवर जाते, दुसरीची तिसरीवर, आणि शेवटच्या गाडीपर्यंत ते फडके पॉलिश पेपरचे काम करू लागलेले असते. त्याला मी दोष देत नाही. महिन्याला जे पैसे आपण त्याला देतो त्यात प्रत्येक गाडीला वेगळे पाणी आणि वेगळे फडके कसे परवडेल? पण त्याच गाड्यांचे मालक संध्याकाळी सिरॅमिक चांगले की वॅक्स यावर तावातावाने बोलतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ऊन तिरपे पडले की त्यांच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वर्तुळाकार पुसल्याने ती होतात असे सगळे म्हणतात, पण ओरखडे सर्व दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून ती वर्तुळे भासतात. ‘सरळ रेषेत पुसा, मग काही होत नाही’ हा तुझा सल्ला त्यामुळे अपुरा आहे. फडक्यात वाळू असेल तर सरळ पुसूनही ओरखडेच पडतात.

उपाय साधा आहे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. आधी भरपूर पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ दे, मग दोन बादल्या घे, एकीत शाम्पू आणि दुसरीत नुसते पाणी, आणि प्रत्येक भागानंतर हातमोजा दुसऱ्या बादलीत खळबळून मगच पहिलीत बुडव. वरून खाली ये. चाकांचा कपडा वेगळा ठेव. कोरडी धूळ कोरड्या फडक्याने कधीही झटकू नकोस. कपड्यांची पूड वापरू नकोस, ती क्षारयुक्त असते आणि तिचे न विरघळलेले कण टोचतात. भांड्यांच्या पातळ साबणावरही तुमची चकमक झाली. तो रंग खात नाही, पण तुझे वॅक्स उतरवतो, म्हणून तुझ्यासाठी नको.

बादलीभर पाण्याचे मात्र तू बोलायला नको होतेस. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या काळात तो लातुरातच होता. घरात प्यायचे पाणी मोजून वापरलेल्या माणसाला गाडीवर पाइप सोडणे जन्मात जमणार नाही. तो जे रिन्सलेस वॉशचे, म्हणजे नंतर पाणी न ओतता नुसते पुसून घ्यायचे, द्रावण वापरतो, त्यातली पॉलिमरे धुळीच्या कणाला गुंडाळून पृष्ठभागापासून उचलतात. गाडी भिजवून ठेवून, मायक्रोफायबरची भरपूर स्वच्छ, मऊ फडकी घेऊन, प्रत्येक घडी एकदाच वापरली, तर थोड्या पाण्यातही गाडी नीट निघते. चिखलाने माखलेल्या गाडीवर ते चालणार नाही, तुझ्या जुलैत तर मुळीच नाही; पण लातूरच्या धुळीला ते पुरेसे आहे आणि तो ते काळजीपूर्वक करतो. तुझे ते वाक्य त्याला गाडीसाठी लागलेले नाही.

तुझ्यापुरते सांगायचे तर वॅक्स की सिरॅमिक हा तुझा प्रश्नच नव्हे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा असलेल्या गावात गाडी वरून मरत नाही, खालून आणि आतून मरते. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानींच्या आतली बाजू, पत्र्याचे जोड, खडी लागून उडालेले टवके, हे तू दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाहा. दारांच्या तळाशी पाणी जायची छिद्रे असतात, ती तारेने नव्हे, मऊ काडीने मोकळी कर. शोरूमने सांगितलेले काळे, जाड अंडरबॉडी कोटिंग घ्यायचेच असेल, तर खालचा भाग धुऊन पूर्ण वाळल्यावर आणि तुझ्या डोळ्यांदेखत ते मारून घे, कारण ओल्या मातीवर किंवा सुरू झालेल्या गंजावर ते मारले तर ओल आत कोंडते आणि वरून सारे ठीक दिसत असताना पत्रा सडतो. घाईत ती छिद्रेही बुजतात. समुद्रकाठी फिरून आलास की गाडीखाली गोड्या पाण्याचा फवारा मार. सिरॅमिकसाठी तुला जे पंचवीस हजार सांगितले होते, त्यांतले थोडे जरी या कामी लावलेस तरी गाडी कितीतरी जास्त जगेल.

दिवाळीत तो तुमच्याकडे यायचा होता, तो बेत मोडू नकोस. मीही येतो. तुझ्या काळ्या गाडीचे बॉनेट धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने आधीचे सगळे उतरवून, मधोमध चिकटपट्टी लावू. डावीकडे तुझे वॅक्स, उजवीकडे त्याचे कोटिंग. पांढऱ्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, म्हणून त्याची नको. पुढे दोन्ही बाजूंना तूच, एकाच हाताने, एकाच पाण्याने धू. काय पाहायचे ते आधीच लिहून ठेवू : नुसत्या पाण्याने लाल माती किती सुटली, चिकाचा डाग कोणत्या बाजूला उरला, आणि बॅटरीच्या उजेडात नवे ओरखडे कुठे दिसले. चमक मोजायची नाही, तिच्यावर तुमचे कधी एकमत होणार नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर जे दिसेल ते रत्नागिरीपुरते मानू आणि लातूरसाठी त्याच्या अंगणात वेगळी पट्टी लावू.

फोन आधी तू कर, कारण पाण्यावरून बोललास तो तू. चिकटपट्टी, अल्कोहोल आणि बॅटरी मी घेऊन येतो. मायक्रोफायबर त्याच्याकडे भरपूर आहेत, तेवढे त्याला आणायला सांग. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित