नागपूरच्या प्रयोगाआधी

सातारा

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

रविवारच्या पुरवणीतलं तुझ्या नाटकाचं परीक्षण वाचलं. आधी उभ्या उभ्या, मग बसून सावकाश. आईने कात्री आणली होती, पण मी अख्खं पानच जपून ठेवलंय. दिग्दर्शनाचं कौतुक आहेच, पण आजी, वकील आणि शाळकरी पोर या तिन्ही भूमिका तू नुसत्या आवाजातून वेगळ्या केल्यास, असं लिहिलंय ते वाचून ऊर भरून आला. परीक्षण लिहिणाऱ्याच्या नजरेतून एक सुटलं. आजीतून पोर होताना तू पदर सोडतेस आणि पायाची बोटं आत वळवतेस. तेवढ्यावर वय उतरतं. ते मी पाहिलं.

आणि लगेच तुझा परवाचा फोनवरचा आवाज आठवला. घसा बसलाय तुझा. खरं तर आज त्याबद्दल लिहायचं नव्हतं.

डॉ. श्रीराम लागू आपल्या साताऱ्यात जन्मलेले. कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. १९७० साली ‘नटसम्राट’मध्ये बेलवलकर उभे केले आणि त्याच वर्षी ‘गिधाडे’ स्वतः बसवलं. दोन टोकांची नाटकं! ‘नटसम्राट’ मी पुण्यात पाहिलं, अगदी मागच्या रांगेतून. बेलवलकर खचत जातात तसा आवाज खाली खाली येत गेला, तरी एक अक्षर निसटलं नाही. शेजारचे गृहस्थ पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसले होते. सगळं श्वासावर चाललं होतं, घसा कुठे ताणलेला नाही.

तू मात्र तालमीत दिवसभर सूचना देतेस, प्रकाशयोजनेच्या पोराला खालून ओरडून सांगतेस आणि संध्याकाळी त्याच घशाने तीन माणसं उभी करतेस. विजयाबाई मेहतांनी ‘बॅरिस्टर’ बसवलं आणि त्यातली मावशीही केली, तेव्हा दोन्ही जमतं, मान्य. पण सेट लागताना सूचना सहायकाला देऊ दे. पाणी पीत जा. रात्रीच्या प्रवासात एसीच्या झोताखाली झोपू नकोस. कुजबुजूही नकोस, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. घसा बसून तीन आठवडे होत आले असतील तर डॉक्टरांकडून दुर्बिणीतून बघून घे, थोड्या वेळाचं काम असतं.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नकोस. दिग्दर्शिकेला तालीम कशी घ्यावी हे मी शिकवायला नको.

शाहू कलामंदिरातलं ते बालनाट्य आठवतं? सुमी वाक्यं विसरली आणि तू तिची वाक्यं तिच्या आवाजात, स्वतःची तुझ्या आवाजात बोलून प्रवेश तडीला नेलास. शिंद्यांच्या काकू शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की सुमी छान बोलली. त्या रात्री तुझा घसा गेला होता. आजीने हळद-दूध केलं आणि तू गाल फुगवून बसलीस. अण्णा तेव्हा होते. त्यांचाही आधी नुसता घसाच बसला होता, गं. म्हणून हे सगळं.

शनिवारी नागपूर, रविवारी चंद्रपूर. मावशी स्टेशनवर येईल. तुला बोलायला लावू नकोस, असं तिला सांगून ठेवलंय. आईने ज्येष्ठमध कुरियरने पाठवलाय. पोचल्यावर फोन नको, लिहून कळव. डॉक्टरांची वेळ कधीची घेतलीस, तेही त्यातच लिही.

बाबा