मनू, शिकवणी ठरवली आहे

काटोल,
रविवार, रात्री साडेनऊ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि खरंच ऐकून राहिली आहेस की नाही ते मला कळत नाही. म्हणून लिहिते. बाबा उद्या फळगळीचं औषध आणायला नागपुरात येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र मावशीकडे पोहोचेल. जेवण झाल्यावर, एकटी असशील तेव्हा वाच.

बारावीच्या घटक चाचणीत अर्थशास्त्राला 25 पैकी 9 मिळाले हे तू पंधरा दिवस लपवून ठेवलंस. मावशीला गादीखाली उत्तरपत्रिका सापडली तेव्हा मला गुणांपेक्षा त्या लपवण्याचं जास्त लागलं. त्यावर इतकंच. पुढचं सगळं त्या उत्तरपत्रिकेबद्दल आहे, कारण ती मी तीनदा वाचली.

व्याख्या तुझ्या सगळ्या बरोबर आहेत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. गुण गेलेत ते 'फरक स्पष्ट करा'मध्ये, आकृतीत, आणि 'विधानाशी सहमत आहात का, सकारण लिहा'मध्ये. पाठ करून जमतं तिथे तू पुढे आहेस, आणि 'का' सांगायची वेळ आली की पेन थांबलं आहे. मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल, या दोन्हींच्या आकृत्या तू एकमेकींच्या जागी काढल्यास. एक तर खोडून पुन्हा तीच काढलीस. ते खोडलेलं बघून मला कळलं की ही पोरगी अंदाज लावून राहिली आहे. माझ्या चौथीच्या वर्गात मी हे रोज बघते. येत नसलेलं मूल उत्तर शोधायला फळ्याकडे बघत नाही, बाईंच्या चेहऱ्याकडे बघतं.

"तूच शिकव ना" म्हणालीस. आपण दोघी दहा मिनिटांत भांडायला लागतो हे एक. आणि अर्थशास्त्राशी माझा संबंध बारावीतच तुटला, ते का ते खाली सांगते. माझ्या ओळखीत शिकवणारे पुष्कळ आहेत, पण नोकरीतल्या शिक्षकाला विचारायचंच नाही असं मी आधीच ठरवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 28 मध्ये शिक्षकाने खाजगी शिकवणी करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याच कायद्याखाली नोकरी करते. दुसऱ्याला तो मोडायला कशी सांगू? तुमच्याकडे कोणी कधी "माझ्याकडे शिकवणीला ये, तोंडी आणि प्रकल्पाचे 20 गुण माझ्या हातात आहेत" असं सुचवलं तर गप्प बसू नकोस, मला सांग.

मागचे दोन रविवार मी नागपुरात का येत होते ते आता तुला कळलं असेल. मावशीला मीच सांगितलं होतं की तुला काही बोलू नको.

पहिल्यांदा सीताबर्डीजवळच्या एका मोठ्या क्लासमध्ये गेले. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या बाईंनी तुझं नाव, मोबाईल नंबर, दहावीचे टक्के विचारले. कुठे अडतं ते नाही विचारलं. अर्थशास्त्र एकटं मिळत नाही, चारही विषयांचं पॅकेज, वर 18 टक्के जीएसटी, आणि आज भरले तर सूट. मी म्हटलं, दोन महिन्यांनी जमलं नाही तर? "फी परत करायची आमच्याकडे पद्धत नाही." केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हेच लिहिलं आहे की पूर्ण फी भरलेल्या मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, मध्येच फी वाढवू नये, आणि गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये. त्या सूचना आहेत, पोलीस नाहीत, हे मलाही समजतं. पण विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडे मी वर्षाचे पैसे एकदम ठेवणार नाही. एका खोलीत किती मुलं बसतात विचारलं तर म्हणाल्या, "एसी आहे ना मॅडम, त्रास होत नाही." मी उठले.

मग प्रतापनगरचा एक मुलगा, एम.ए. करतो, घरी येऊन शिकवायला तयार होता. मनापासून शिकवणारा आहे. मी त्याला नमुना म्हणून निर्देशांकाचं, म्हणजे भाव एकूण किती वाढले ते मोजायचं, एक उदाहरण समजावून सांगायला लावलं. पाच मिनिटांत त्याने ते सोडवलं, सुंदर अक्षरात. मला विचारलं काहीच नाही. तुझ्यासमोर तो असंच सोडवत गेला तर तुझी वही भरेल, आणि तू पुन्हा मान डोलावशील. अजून दोन वर्षांनी तो चांगला शिक्षक होईल असं मला वाटतं, पण आपल्याकडे फेब्रुवारीपर्यंतचाच वेळ आहे. ऑनलाइन एक जण बघितला, त्याची सगळी उदाहरणं सीबीएसईच्या पुस्तकातली होती. तुझं राज्य मंडळाचं पुस्तक वेगळं, प्रश्नांची पद्धत वेगळी. त्याला विचारलं तर म्हणाला, अर्थशास्त्र सगळीकडे सारखंच असतं. असतं, पण पेपर सारखा नसतो.

दुसऱ्या रविवारी शंकरनगरला एका बाईंकडे गेले. ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. एका वेळी दोन-तीन मुलांच्या वर घेत नाहीत. दारातच त्यांनी विचारलं, "उत्तरपत्रिका आणली का?" मी आणली होती. चष्मा लावून त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, दहा मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिला वक्र दिसतो, वक्र का हलतो ते दिसत नाही." मनू, तुझ्या 9 गुणांबद्दल इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, मला समजावून सांगा, मग मी मुलीला पाठवते. त्यांनी विचारलं, घरी काय आहे? म्हटलं, संत्र्याची बाग, आंबिया बहार. मग त्यांनी कागद ओढला. संत्री 80 रुपये किलो होती ती 50 झाली, म्हणून बर्डीवरची बाई एकाऐवजी दोन किलो घेऊन गेली. भाव बदलला, बाकी काही नाही. ती त्याच वक्रावरून, म्हणजे कोणत्या भावाला किती मागणी ते दाखवणाऱ्या रेघेवरून, खाली सरकली. हा विस्तार. आता भाव 80 च आहे, पण घरात तापाचा पेशंट आहे, डॉक्टर म्हणाले संत्री द्या, म्हणून दोन किलो घेतली. भाव तोच, मागणी जास्त. आता अख्खा वक्र उजवीकडे सरकला. ही वृद्धी. "आधी विचारायचं, भाव हलला का? हलला तर वक्रावर चालायचं. नाही हलला तर वक्रच उचलायचा." त्या मला सांगत नव्हत्या, मध्येमध्ये थांबून विचारत होत्या, आणि मी चुकले तेव्हा "काहून असं वाटलं तुम्हाला?" म्हणून माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेत होत्या. त्या 'काहून'ने मला एकदम जुनं काही आठवलं. ते मी तुझ्या बाबांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

1996 ची गोष्ट. मी बारावीला होते. शनिवार-रविवार एसटीने काटोलहून नागपूरला, महालातल्या एका शिकवणीला यायची. आजोबांनी बैलजोडीतला एक बैल विकून फी भरली होती. हॉलमध्ये शंभरावर मुलं, मुली मागे. सर लिहून देत, आम्ही लिहून घेत असू. एकदा मागणीच्या नियमाचे, म्हणजे भाव वाढला की मागणी घटते याचे, अपवाद चालले होते. गिफेन वस्तू : हलक्या प्रतीच्या वस्तूचा भाव वाढला तर गरीब माणसाची तिची मागणी कमी न होता वाढते. बस, एवढंच सांगितलं, का ते नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, आमच्याकडे ज्वारी महाग झाली की डाळ-भाजी कमी होते आणि भाकरी जास्त लागते, ते हेच का?" अख्खा हॉल हसला. सर म्हणाले, "घरचं घरी ठेवायचं, इथे पेपरात येते ते लिहायचं." मी खाली बसले. त्यानंतर त्या हॉलमध्ये मी एकदाही हात वर केला नाही. अर्थशास्त्रात काठावर पास झाले. बी.ए. अर्थशास्त्र घेऊन करायचं मनात होतं, ते कोणाला बोलले नाही, डी.एड.ला गेले. शाळा मला आवडते, पोरं आवडतात, त्याचं दुःख नाही. पण तो प्रश्न चुकीचा होता की बरोबर हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

मी त्या बाईंना ते सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "अहो, तुम्ही गिफेन बरोबर सांगितला होता. रॉबर्ट गिफेनच्या नावाने ब्रेडचं उदाहरण देतात, तुम्ही ज्वारीचं दिलंत. ज्वारी महागली की हातातले पैसे कमी पडतात, डाळ-भाजी सुटते, आणि पोट भरायला पुन्हा ज्वारीच घ्यावी लागते." मला तिथे रडू आलं, त्यांनी पाणी दिलं. शिकवणी तिथेच ठरली.

आता व्यवहाराचं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी 5 ते 6. तासाला 400 रुपये, महिन्याच्या शेवटी, झालेल्या तासांचेच. त्या स्वतःच म्हणाल्या की तीन महिने बघू, मग तुला गरज वाटली नाही तर बंद करू. सुभाषनगरहून मेट्रोने तिसरं स्टेशन शंकरनगर, तिथून चालत सहा-सात मिनिटं. परत निघताना मावशीला फोन करायचा. बैठकीच्या खोलीत शिकवतात, घरात त्यांचे मिस्टर आणि सून असतात, मी सगळं बघून आले.

बाकीच्या विषयांचं तू म्हणालीस की सगळ्यालाच लावून दे. नाही लावत. पुस्तपालनात तुझं चुकतं ते घाईने, शिकवणीने ते जाणार नाही, रोज एक ताळेबंद सोडव. इंग्रजी तू माझ्यापेक्षा बरं लिहितेस. गणितात फक्त विकलजांच्या (डेरिव्हेटिव्हच्या) उपयोजनाशी अडतं असं तुझ्या वहीवरून दिसतं, आणि गंमत अशी की तिथेही मागणीची लवचिकता, म्हणजे भाव हलला की मागणी किती हलते ते, आहेच, तीच, अर्थशास्त्रातली. टक्केवारीतला भागाकार तिथे विकलजाने लिहितात इतकंच. ती बाईंकडे समजली की गणिताचा तो भाग दादाकडून दिवाळीच्या सुट्टीत करून घे. प्रतापनगरच्या मुलाला फक्त त्या एका प्रकरणासाठी महिनाभर बोलवायचं का, ते तू ठरव, मी हो म्हणेन.

निर्देशांकाचं मला स्वतःला एक सुचलं, बाईंना दाखव बरोबर आहे का. लास्पेयर आणि पाशे यांची निर्देशांक काढायची सूत्रं तू उलटी लिहितेस. किराण्याची यादी डोळ्यांसमोर आण. लास्पेयर म्हणजे जुन्या वर्षाची यादी तशीच ठेवायची, आणि तिचा नव्या भावाचा खर्च भागिले जुन्या भावाचा खर्च. पाशे म्हणजे यादी चालू वर्षाची, भागाकार तसाच. भाव दोन्हीकडे दोन्ही वर्षांचे, यादी मात्र कोणाची ते बघायचं. मी आपल्या घरच्या तेल, तूरडाळ आणि साखरेवर करून बघितलं, जमलं.

एकच मागते. पहिल्या दिवशी समजलं नाही तर "समजलं नाही" म्हण. त्या बाई हसणार नाहीत. आणि घरचं घरी ठेवू नकोस, सगळं घेऊन जा, संत्री, किराणा, बाबांचा कळमना बाजारातला हिशेब.

तुझीच,
आई

ता. क. बाबांचा एक प्रश्न आहे, तो मंगळवारी विचार. बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, तिकडे जाणारा माल कमी झाला, तो सगळा इथल्याच बाजारात येऊन राहिला आणि भाव पडला. झाडं तर तेवढीच आहेत, नवीन लावली तरी फळ धरायला चार-पाच वर्षं. मग इथल्या बाजारात हा पुरवठ्याचा विस्तार म्हणायचा की वृद्धी? मी माझं उत्तर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलं आहे. आधी तुझं लिही, मग पाकीट उलगडून आत बघ.