घरी उभारलेले विमान हा ‘जुगाड’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुणा तरुणाने मोटारसायकलचे इंजिन आणि भंगारातले पत्रे वापरून विमान तयार केल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येते आणि तिच्या मथळ्यात ‘जुगाड’ हा शब्द बहुधा असतोच. त्या तरुणांच्या जिद्दीविषयी मला आदर आहे. परंतु गेली तीन वर्षे इंग्लंडमधील माझ्या घराच्या गॅरेजमध्ये एक जुने, दोन आसनी ‘किटफॉक्स’ विमान मी दुरुस्त करीत आहे, आणि त्या अनुभवानंतर या शब्दाला माझी मनापासून हरकत आहे.

किटफॉक्स हे मूळचे अमेरिकेतील आयडाहो राज्यातले, १९८० च्या दशकातले विमान. त्याचे भाग पेट्यांतून येतात आणि ते जोडण्याचे काम घेणाऱ्याने करायचे असते. धड पोलादाच्या बारीक नळ्या वेल्डिंगने जोडून केलेले, पंखांच्या फासळ्या लाकडी, वरून पॉलिस्टरचे कापड. पंख मागे दुमडता येत असल्याने ते घरी ठेवता येते. माझे विमान कित्येक वर्षे एका शेतावरच्या शेडमध्ये पडून होते. कापड बदलले की काम झाले, अशी माझी समजूत होती, कारण यापूर्वी मी विमानाचा एक बोल्टसुद्धा आवळलेला नव्हता.

येथे अशा विमानांचे काम ‘लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पाहते. ती १९४६ साली हौशी वैमानिकांनी वेगळ्या नावाने सुरू केली आणि आज नागरी उड्डाण प्राधिकरणाने घरी बांधलेल्या विमानांच्या तपासणीचा अधिकार तिच्याकडे सोपवलेला आहे. या संस्थेच्या तपासनिसाने पहिल्याच भेटीत शेपटीकडचे कापड कापायला लावले. विमान मागच्या चाकावर टेकून उभे राहत असल्याने आत शिरलेले पाणी तिकडेच उतरते. त्यांनी सर्वांत खालच्या नळीवर टोच्या टेकवून जरा दाबला, तर तो सरळ आत गेला. बाहेरून रंग शाबूत होता, पण आतून नळी गंजाने खाल्लेली होती. हवेत असताना तिथून शेपूट सुटली असती तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना. तेवढा भाग कापून, नवी नळी बसवून, अधिकृत वेल्डरकडून जोडून घेण्यात चार महिने गेले.

त्यानंतर प्रत्येक टप्पा असाच पार पडला. सांगाडा कापडाने झाकण्यापूर्वी तपासनिसाची सही लागते, कारण एकदा झाकल्यावर आतले काही दिसत नाही. कापड ताणायला साधी घरगुती इस्त्री चालते. मात्र तिचे तापमान आधी थर्मामीटरने तपासावे लागते, कारण शेवटचा ताण सुमारे १७५ अंश सेल्सियसला द्यायचा असतो आणि इस्त्री त्याहून फार तापली तर कापड कायमचे सैल पडते. नटाबाहेर बोल्टचे किती आटे दिसावेत, हेसुद्धा ठरलेले आहे. इंजिनाच्या रबरी नळ्या चांगल्या दिसत असल्या तरी दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. (आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत असताना हे विशेष ध्यानात घ्यायला हवे, कारण जुन्या नळ्यांना आणि फायबरग्लासच्या टाक्यांना ते मानवत नाही.) या सगळ्याची तारीखवार नोंद वहीत होते, आणि ती नसेल तर उड्डाणाचा परवाना मिळत नाही.

भारतात कौशल्याची वाण नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या आराखड्याचे सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईत साऱ्यांनी पाहिले; उड्डाणाची परवानगी मिळायला मात्र २०१९ साल उजाडले. एकट्या माणसाने थेट दिल्लीशी पत्रव्यवहार करीत राहण्याऐवजी जवळच्या तपासनिसाला हाक मारता आली असती, तर हा काळ कितीतरी कमी झाला असता, असे मला वाटते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर आणि वेल्डर नाशिक परिसरात आहेत. मुंबईत विमान दुरुस्तीचे जाणते अभियंते आहेत. त्यांच्यातून तपासनीस नेमून घरगुती विमानांची टप्प्याटप्प्याने तपासणी करण्याचे अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एखाद्या संस्थेला द्यावेत, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. अशा विमानाची पुढची बातमी छापताना त्यासाठी खर्च किती आला आणि इंजिन कोणते, यांबरोबरच सांगाडा झाकण्यापूर्वी तो कोणी तपासला, हेही बातमीदाराने विचारावे आणि त्याचे उत्तर ठळकपणे छापावे.

आपला नम्र,
मूळचा नाशिक जिल्ह्यातील एक वाचक,
इंग्लंड